सामरड्याचे चार दिवस

पिशवीतला चुरा चिनी मातीच्या बशीत ओतला, त्यावर थोडं पाणी सोडलं आणि बशी घेऊन मी गोदामाच्या दारात, उन्हात गेले. चुरा हिरवा होता. हिरवट करडा म्हणा हवं तर. पण माझ्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं तसा लाल-तपकिरी तो कुठूनही दिसत नव्हता.

पुढची पिशवी उघडली. तीही हिरवी. त्यापुढची, त्याच्याही पुढची. संध्याकाळी पाचपर्यंत वीस पिशव्या झाल्या. अकराशे तीस मीटर खोलीपासून अकराशे नव्वदपर्यंत पिशव्यांत सगळा हिरवा खडक, आणि कागदावर सगळा लाल.

ही एक्याण्णवच्या नोव्हेंबरातली गोष्ट, बडोद्याची. मी सव्वीस वर्षांची होते. तेल शोधणाऱ्या एका खात्यात भूवैज्ञानिक म्हणून लागून जेमतेम आठ महिने झाले होते आणि अजून कायम व्हायची होते. जुन्या विहिरींची कागदपत्रं कॉम्प्युटरवर चढवायचं काम निघालं होतं, आणि नव्या माणसाच्या गळ्यात असलीच कामं येतात.

तेलविहीर खणताना खालच्या खडकाचा चुरा चिखलाबरोबर वर येतो. तो धुवायचा, वाळवायचा आणि दर तीन मीटरला एक पिशवी भरून ठेवायची. विहिरीवरचा भूवैज्ञानिक त्या चुऱ्याचं वर्णन एका लांबलचक कागदी पट्टीवर उतरवतो. खडक कोणता, दाणा केवढा, रंग कसा, तेलाचा वास आहे का. या पट्टीला आमच्यात लॉग म्हणतात. मला लॉग वाचून पिशव्यांशी पडताळायचा होता.

सामरडा-१ ही त्या भागातली पहिली चाचणी विहीर. एकसष्ट साली खंबातच्या आखाताकाठी, मीठ फुटलेल्या सपाट जमिनीवर खणलेली. तेल लागलं नाही, पण जमिनीखाली काय काय आहे ते पहिल्यांदा तिनंच दाखवलं. तिचा लॉग आमच्याकडे शिकाऊ मुलांना कित्ता म्हणून देत. इतर विहिरींवरच्या लोकांनी ‘करडा’, ‘गडद करडा’ एवढ्यावर भागवलेलं असे. या लॉगमध्ये नुसत्या करड्याचे अकरा प्रकार होते. खाली सही होती, भा. रा. चौबळ. भास्कर रामचंद्र चौबळ. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, आणि येत्या डिसेंबरात सामरड्याला तीस वर्षं होणार म्हणून त्यांचा सत्कार ठरलेला. तोच लॉग काचेत बसवून हॉलमध्ये लावायचा होता.

मी आमच्या साहेबांकडे गेले. आरोलकर नावाचे, गोव्याकडचे, कमी बोलणारे गृहस्थ.

“पिशव्या बदलल्या असतील,” माझं ऐकून ते म्हणाले. “तीस वर्षांत तीन गोदामं झाली. एकदा पुराचं पाणी शिरलं होतं. नमुने भरवशाचे नाहीत असं लिही आणि मोकळी हो. महिनाअखेर गोदाम रिकामं करायचंच आहे, पिशव्या जातील.”

“पण सर, सलग वीस पिशव्या? त्यांच्या वरच्या बरोबर, खालच्या बरोबर, आणि मधल्याच वीस बदलल्या?”

“मग चौबळसाहेबांचा लॉग चुकलाय म्हणतेस?”

रंगाचा प्रश्न साधा नव्हता. लाल माती म्हणजे उघड्यावर, हवेत साचलेली. तिथं तेल धरून ठेवणारं काही शोधायला सहसा कोणी जात नाही. हिरवट करडी म्हणजे पाण्याखाली, हवा न लागता साचलेली. तिच्यातल्या वाळूचे थर तपासून बघायचे असतात. सामरड्याचे ते साठ मीटर लाल म्हणून न तपासता सोडून दिले होते.

आरोलकरांनी चष्मा काढून पुसला. “जाऊन विचार त्यांना. दांडिया बाजारात राहतात.” मी दारापर्यंत गेल्यावर पुन्हा हाक मारली. “मृणाल, जपून विचार हं.”

जपून म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी चौबळांच्या घरी गेले. जिना चढून पहिला मजला, दारात तुळस, आत पाटावर बसून काकू भिजवलेले वाल सोलत होत्या. बोटाच्या एका दाबानं साल एकीकडं आणि डाळिंबी दुसरीकडं. चौबळ सर उंच, सडसडीत, आणि आवाज असा की खाली रस्त्यावर ऐकू जावा.

“सामरडा? अगं, बस बस! शरयू, ही सामरड्याचं विचारायला आलीय!”

मग अर्धा तास मला काही विचारावं लागलंच नाही. पावसात रुतलेला ट्रक, दोरानं बांधून ठेवावे लागणारे तंबू, पिण्याचं पाणी बैलगाडीतून यायचं आणि वाटेत निम्मं सांडायचं, हे सगळं ते उभं राहून, हातवारे करून सांगत होते. काकू मान खाली घालून सोलत होत्या आणि मधूनच एखादी दुरुस्ती करत होत्या. “बैलगाडी नव्हती, उंटगाडी होती.” “हो, उंटगाडी.”

शेवटी मी पिशवीतून दोन काचेच्या बाटल्या काढून त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी चुरा तळहातावर घेतला, चिमूटभर दातांखाली धरला. आमच्यात तसं करतात. दाताला करकर लागली तर वाळू आहे.

“चिकणमाती. बारीक वाळू आहे, किंचित. दुसरीत जरा जास्त.” अगदी बरोबर होतं.

“आणि रंग, सर?”

त्यांनी हात खिडकीकडं नेला, परत आणला, आणि हसले. “तूच सांग बघू. तरुण डोळे आहेत तुझे.”

“ही लाल आहे आणि ही हिरवी.”

“शाब्बास.”

“पण सर, लॉगमध्ये दोन्ही लाल लिहिलंय. आरोलकर सर म्हणतात, पिशव्या बदलल्या असतील.”

काकूंची बोटं थांबली. विचारलंही त्यांनीच. “किती खोलीवर?”

“अकराशे तीस ते अकराशे नव्वद. तारीख अकरा ते चौदा डिसेंबर, एकसष्ट.”

काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं. “अहो, तुम्ही तर म्हणाला होता, त्या रशियन इंजिनियरला विचारलं.”

तळहातावरचा चुरा सरांनी फार हळू, एक कण न सांडता, बाटलीत परत भरला. काकू अर्धवट सोललेल्या वालांचं ताट उचलून आत निघून गेल्या.

“आरोलकर म्हणतो तसंच लिही,” सर म्हणाले. त्यांच्या त्या आवाजातला सगळा दणका गेला होता. “पिशव्या बदलल्या असतील.”

मी उठले. त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं, पण दार लावताना माझ्याकडं पाहिलं नाही. जिना उतरताना मला वाटत राहिलं की मी काहीतरी मोडलंय, आणि काय मोडलंय तेही मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गोदामाबाहेर रिक्षा थांबली आणि तिच्यातून काकू उतरल्या. एकट्याच. खांद्याला कापडी पिशवी.

“त्या पिशव्या दाखव मला,” त्या म्हणाल्या.

मी ओळीनं मांडून ठेवल्याच होत्या. काकूंनी एक उचलली, उलटसुलट केली, शिवणीवरून अंगठा फिरवला. “मांजरपाट. या मी शिवल्यात. खात्याच्या पिशव्या यायला चार महिने लागणार होते. गावातल्या शिंप्याचं मशीन मागून आणलं आणि चारशे शिवल्या.” मग त्या पिशवीची नाडी बघू लागल्या. मी पिशव्या कात्रीनं उघडल्या होत्या, त्यामुळं गाठी जशाच्या तशा लोंबत होत्या.

“ही माझी गाठ,” काकू म्हणाल्या. “ओढली की सुटते. हीपण माझी. ही, ही...” त्या ओळीनं पुढं सरकत होत्या. अकराशे तीसपाशी थांबल्या. “आणि ही ह्यांची. जन्मभर निरगाठच मारतात, मग सोडवायला मला हाक.”

मी वाकून पाहिलं. तिथून पुढच्या वीसही पिशव्यांना निरगाठ होती. एकविसाव्या पिशवीपासून पुन्हा ओढली की सुटणारी.

“पिशव्या बदललेल्या नाहीत, बाळ. त्याच आहेत.”

एका खोक्यावर वर्तमानपत्र टाकून मी त्यांना बसायला दिलं. त्यांनी कापडी पिशवीतून तीन वह्या काढून माझ्या मांडीवर ठेवल्या. शाळेच्या असतात तशा, पाठीला कापडी पट्टी. मी मधलंच पान उघडलं. बायकी, तिरकं अक्षर. डावीकडं खोलीचे आकडे, उजवीकडं:

कुळथाचं पीठ.
तेच, पण भाजलेलं.
आंबाडीची भाजी, शिजल्यावर.
पावसात भिजलेलं कौल.

माझ्याजवळ लॉग होताच. मी खोली जुळवून पाहिली. ‘आंबाडीची भाजी, शिजल्यावर’ याच्यासमोर लॉगमध्ये चौबळ सरांनी सुबक अक्षरात लिहिलं होतं, ऑलिव्ह ग्रे.

“काकू, म्हणजे सरांना...”

“लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. जन्मापासून. लग्नात मी हिरव्या शालूत होते, तर हे मित्रांना सांगत सुटले, तांबडा काय खुलतो बघा हिला. मित्रांना वाटलं थट्टा करतोय. मला त्याच दिवशी कळलं.”

लग्न मे महिन्यात झालं आणि सप्टेंबरात सामरडा सुरू झालं. विहिरीवर बायकांना राहायची परवानगी नव्हती. म्हणून मैलभरावरच्या गावात त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली. दुपारी ड्रायव्हर जेवणाचा डबा घेऊन जायचा. रिकामा डबा परत यायचा तेव्हा त्याच्या चारही पुडांत चुऱ्याच्या ओल्या पुड्या असायच्या, वर खोलीचा आकडा लिहिलेल्या. विहिरीवरचा चुरा बाहेर नेणं नियमाविरुद्ध होतं. कळलं असतं तर नोकरी गेली असती.

“उन्हं कलायच्या आत मी त्या पायरीवर पसरून बघायची, वहीत लिहायची, आणि वाळलेला चुरा पिशवीत भरून नाडी बांधून ठेवायची. वहीचं ते पान दुसऱ्या दिवशी पोळ्यांखाली घालून, पिशव्यांबरोबर पाठवायची, आणि त्यांचं लिहून झालं की ते परत यायचं, मग मी वहीत शिवून टाकायची. ह्यांचे दात आणि माझे डोळे, असा तो लॉग झालाय. मला फार आवडायचं गं ते. जमिनीच्या पोटातलं काहीतरी पहिल्यांदा मी बघतेय, माझ्याआधी कुणी बघितलेलं नाही. स्वयंपाकाच्या भांड्यात येत होतं, पण येत होतं.”

त्यांनी माझ्या मांडीवरच्या वहीची दोन पानं उलटली.

“दहा डिसेंबरला मी ह्यांना म्हटलं, त्या कागदावर कुठंतरी कोपऱ्यात माझंही नाव लिहा. कुणाला दिसणार नाही एवढं बारीक लिहा. तर हे हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. म्हणाले, ‘अगं, तो लॉग आहे, हळदीकुंकवाची यादी नाही.’”

“मग?”

“मग काय. दुसऱ्या दिवसापासून डबा आला की पुड्या न उघडता तशाच परत. जेवण मात्र रोज चांगलं करून पाठवलं, हो. चार दिवस. पाचव्या दिवशी हे स्वतः आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘शरयू, माझ्या हातात दगड आहे आणि मला तो दिसत नाही.’ त्यावर मी काय राग धरणार? मी विचारलं, मधल्या चार दिवसांचं काय केलंत? म्हणाले, रशियन इंजिनियरला विचारून लिहिलं, तू काळजी करू नकोस. तीस वर्षं मी काळजी केली नाही.”

मी वही पुन्हा पाहिली. दहा डिसेंबरनंतर सरळ पंधरा डिसेंबर होता. दहा तारखेला खडक लाल होता. सरांना बदल दिसलाच नव्हता; ते वरचंच पुढं लिहीत गेले होते.

“आता काय करशील?” काकूंनी विचारलं.

खरं सांगायचं तर मला माझ्या नोकरीतला पहिला शोध समोर दिसत होता, आणि त्याच वेळी या बाईच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. “तुम्ही सांगाल ते,” मी म्हटलं.

“मी कशाला सांगू? तुझं काम आहे, तू लिही. पण आज नको. ते तुझ्या कागदावरून कळायला नको लोकांना. त्यांचं त्यांना बोलू दे.”

“बोलतील?”

“काल तू गेल्यापासून जेवले नाहीत. लाजेनं नाही गं. एकच धोशा लावलाय. तिथं तेल असलं तर? माझ्या खोटेपणापायी ते तीस वर्षं तिथं पडून राहिलं असलं तर?” त्यांनी वह्या पिशवीत भरल्या. “आणि मी रुसले नसते, तर? ते मी त्यांना म्हटलं नाही. तुला म्हणतेय.”

ते दोघं दुसऱ्या दिवशी आले. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, खिशाला पेन, पायात कामावरचे बूट. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, “बारा, आठ, एकोणतीस, पाच.”

मला कळेना.

“भरतीच्या वेळी डॉक्टर एक पुस्तक दाखवायचे. रंगीत ठिपके, त्यात आकडा लपवलेला. माझ्या आधीच्या मुलाला बाहेर गाठून आकडे पाठ केले. अजून पाठ आहेत. आत्तापर्यंत हे फक्त हिला माहीत होतं, आता तुला. एक टेबल दे, आणि तो लॉग.”

गोदामाच्या अंगणात, कडुनिंबाच्या सावलीच्या बाहेर, भर उन्हात मी टेबल मांडलं. लॉगची पट्टी पसरली, चारी बाजूंना वजनं ठेवली. मी पिशवी उघडून बशी ओली करायची आणि काकूंपुढं धरायची. काकू बघायच्या, सांगायच्या. सर लिहायचे.

“अकराशे तीस.”

“मुगाचं साल. ओल्या मुगाचं.”

“अकराशे तेहेतीस.”

“तेच. थोडं काळपट.”

“थोडं म्हणजे किती?”

“थोडं म्हणजे थोडं. तुम्ही तुमचं इंग्रजी शोधा.”

मी खोडरबर पुढं केला तर सरांनी माझा हात बाजूला सारला. “जुनं पुसायचं नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. मी काय चुकलो तेही पुढच्या माणसाला दिसायला हवं.” त्यांनी प्रत्येक ‘लाल-तपकिरी’वर पट्टीनं एक बारीक रेघ मारली, शेजारी नवा रंग लिहिला आणि तारीख घातली.

अकराशे बाहत्तरला दोघांचं वाजलं. काकू म्हणाल्या अळूचं देठ, सर म्हणाले अळूच्या देठात जांभळा असतो, तू हिरव्याचं म्हणतेस की जांभळ्याचं? काकू म्हणाल्या, “तुम्हाला कधीपासून जांभळं दिसायला लागलं?” मी हसू दाबायला तोंड फिरवलं. मागून सरांचं हसणं ऐकू आलं, मग काकूंचंही. मी वळून पाहिलं तर सरांनी पेन खाली ठेवलं होतं आणि काकू डोळ्यांत काही गेल्यासारखं पदरानं पुसत होत्या.

“तेव्हा हे सगळं एका सकाळीत झालं असतं,” सर म्हणाले.

“लिहा आता,” काकू म्हणाल्या.

चार वाजता विसावी पिशवी झाली. सरांनी खाली सही केली. त्या सहीखाली, आधीच्यापेक्षा जरा मोठ्या अक्षरात लिहिलं: रंगांचं निरीक्षण, संपूर्ण विहीर, शरयू भास्कर चौबळ. काकूंनी वाकून ते वाचलं. सरांची पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली, एवढंच.

आरोलकरांना मी तो लॉग नेऊन दिला, वर सरांचं चार ओळींचं पत्र. त्यांनी दोन्ही दोनदा वाचलं.

“मी सत्तर साली त्यांच्या हाताखाली लागलो,” ते म्हणाले. “कच्छच्या बाजूला होतो आम्ही. काकू बडोद्याला. रोज सकाळी साहेब बशी माझ्यापुढं धरायचे आणि दरडावून विचारायचे, काय रंग आहे सांग बघू? मला वाटायचं माझी परीक्षा घेतायत. सहा महिन्यांनी कळलं. मग मी रोज जरा लवकर उठून बश्या आधीच बघून ठेवायचो, म्हणजे माझं उत्तर चुकू नये.”

“तुम्हाला माहीत होतं सर?”

“माहीत होतं म्हणून तर जपून विचार म्हटलं. सामरड्याला गफलत असेल हे मात्र माहीत नव्हतं.” त्यांनी पत्र घडी घालून फाइलला लावलं. “सत्काराचं काय म्हणतायत?”

“तो थर तपासून होईपर्यंत शाल घेणार नाही म्हणतात.”

“मग तपासायला हवा,” आरोलकर म्हणाले, आणि कधी नव्हे ते स्वतः उठून फाइल घेऊन वर गेले.

सामरड्याच्या जवळच एक नवी विहीर व्हायचीच होती. तिच्या कागदात ते साठ मीटर घालून घ्यायला आरोलकरांना सात महिने लागले, आणि विहीर त्या खोलीला पोचायला आणखी सात. चौदा महिने. या काळात मी कितीतरी वेळा दांडिया बाजारात गेले. सर काही विचारत नसत, पण मी जिना चढताना माझ्या पावलांकडं कान लावून बसलेले असत. आधी रंगवून गोष्टी सांगायचे ते बंदच झालं होतं. काकू म्हणाल्या, “वर्षभर हे मनातल्या मनात पिंपं मोजतायत. तीस वर्षं गुणिले किती पिंपं.”

त्र्याण्णवच्या जानेवारीत त्या थराची चाचणी झाली. पाच दिवस चालली, मी तिथंच होते. सहाव्या दिवशी पहाटे निघालेल्या जीपनं मला दहाच्या आसपास बडोद्यात आणून सोडलं, आणि मी घरी न जाता, चिखलाच्या बुटांनिशी, तो जिना चढले.

दार सरांनीच उघडलं. एका हातानं चौकट धरली होती.

“सांग.”

“पाणी निघालं, सर. खारं पाणी.”

“तेल?”

“नाही.”

“थोडंफार? पाण्यावर तवंग?”

“थेंबही नाही. पाच दिवस नुसतं खारं पाणी.”

सर तिथंच उंबऱ्यावर खाली बसले. मला वाटलं त्यांना चक्कर आली, मी धावले. पण त्यांचे खांदे हलत होते आणि तोंडातून आवाज येत होता तो हसण्याचा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. “अगं, अठ्ठावीस वर्षं विहिरी खणल्या,” ते म्हणाले. “कोरडी निघाली की दोन दिवस घास उतरायचा नाही. आज पहिल्यांदा... अगं शरयू! शरयू! पाणी निघालं! खारं पाणी!”

काकू पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. त्यांनी आधी सरांकडं पाहिलं, आणि काकूंच्याच चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं ते मला स्पष्ट दिसलं. त्यांनी पिठाचाच हात सरांच्या डोक्यावर ठेवला. पांढऱ्या केसांत पीठ दिसलंही नाही. मग त्या माझ्याकडं वळल्या.

“म्हणजे हिरव्यात काहीच नाही?”

“काही नाही, काकू.”

“सगळ्या साठ मीटरात?”

“तीन ठिकाणी बघितलं. तिन्हीकडं पाणी.”

“तीनच ठिकाणी?” काकूंच्या कपाळाला आठी पडली. “आणि ते अळूच्या देठाचं होतं, तिथं? अकराशे बाहत्तरला? तिथं वाळू जास्त होती, ह्यांच्या दाताला लागली होती. तिथं बघितलंत का?”

मी गोंधळले. “तिथं नाही, त्याच्या खाली सहा मीटरवर...”

“सहा मीटर म्हणजे दोन पिशव्या! मधे रंग बदललाय ना? वहीत आहे. थांब, वही आणते.” त्या हात धुवायला आत पळाल्या.

उंबऱ्यावरून उठायचा प्रयत्न करत, पुन्हा खाली बसत, सर इतके हसत होते की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात डोकं काढलं.

“ऐकलंस?” ते मला म्हणाले. “हिला अजून खणायचंय!”

मी बूट दाराबाहेर काढले, पिशवीतून नव्या विहिरीचा लॉग काढला आणि काकू वह्या घेऊन येईपर्यंत जमिनीवर पसरून ठेवला.